पाय तुझे, डोळे माझे

आमच्या घरात भावंडं दोन होती आणि कंट्रोलर एक. अण्णांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, जुन्नरकडच्या एका बाजारगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. भंगारात आलेला एक गेमचा डबा त्यांनी उघडला, फुंकर मारली, सोल्डरिंगचे दोन डाग दिले आणि तो चालू झाला. त्याच्याबरोबर आलेल्या दोन कंट्रोलरपैकी एक मात्र अण्णांच्या हातूनही जिवंत झाला नाही.

त्यावर तोडगा रंगादादानं काढला. श्रीरंग त्याचं नाव, पण घरात रंगाच. तो बारा वर्षांचा होता आणि मी नऊ. कंट्रोलरची डावी बाजू त्यानं धरायची, उजवी मी. डावी स्टिक म्हणजे पाय आणि उजवी म्हणजे डोळे, त्यांच्याबरोबर बंदूकही. पडद्यावरचा तो हिरव्या टोपीचा शिपाई दादाच्या पायांनी पळायचा आणि माझ्या डोळ्यांनी बघायचा. आम्ही खांद्याला खांदा चिकटवून बसायचो. दोघांपैकी एकाला शिंक आली की शिपाई मरायचा.

पहिल्याच दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. छपरावर शत्रू होता, मला वर बघायचं होतं, म्हणून मी स्टिक मागे ओढली. शिपाई आपले बूट न्याहाळायला लागला आणि मेला.

"वर बघायला वर ढकल ना, येडे!" दादा ओरडला.

"वर बघायला मान मागं टाकतात," मी म्हणाले. "तू टाकून बघ."

दादानं खरंच मान मागे टाकली आणि आढ्याकडे बघितलं. मग त्यानं सेटिंगमध्ये जाऊन मला उलटं करून दिलं: स्टिक मागे ओढली की नजर वर, पुढे ढकलली की खाली. तेव्हापासून मी उलटीच. जगात बहुतेक लोक सुलट खेळतात आणि आमच्यासारख्यांकडे डावखुऱ्यांकडे बघावं तसं बघतात. मला त्याचा अभिमानच होता.

असे आम्ही दहा वर्षं खेळलो. मग पुण्यात एक मोठी स्पर्धा निघाली. नियम साधा होता: एका कंट्रोलरला एक खेळाडू. मी एकोणीस वर्षांची होते आणि नेम माझा होता. दादा म्हणाला, "जा." एवढंच. मी गेले, घाईघाईनं चालायला शिकले, कशीबशी तिसरी आले, आणि त्या तिसऱ्या नंबरावर मला पुढे नोकरी मिळाली. दादा अण्णांच्या दुकानात बसला. कोण चुकलं म्हणाल तर कुणीच नाही. पण चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुठल्यातरी कारणावरून आमचं वाजलं, आणि मध्येच तो म्हणाला, "तू मला कधी बघूच दिलं नाहीस." मी हसले. मला वाटलं, तो चेष्टा करतोय. त्या वर्षापासून भाऊबीजेला तो आला नाही.

*

माझी नोकरी बिबट्यांना झोपवण्याची आहे.

आमच्या भागात उसात बिबटे जन्मतात, उसातच वाढतात आणि अधूनमधून विहिरीत पडतात, गोठ्यात शिरतात. पूर्वी बेशुद्धीचं इंजेक्शन मारायला माणूस बंदूक घेऊन जवळ जायचा आणि दोघांपैकी कुणाचा तरी जीव धोक्यात यायचा. आता आमच्या दूरबचाव केंद्राकडे घोरपड आहे. घोरपड म्हणजे कुत्र्याएवढं चार पायांचं यंत्र. त्याला आकड्यासारखी नखं आहेत, ते उभ्या भिंतीवरही चढतं. पुढे लांब मान, मानेच्या टोकाला कॅमेरा आणि इंजेक्शनची नळी. मी गाडीत बसून ते चालवते: डाव्या स्टिकनं पाय, उजवीनं मान. गेल्या सात वर्षांत मी एकसष्ट बिबटे झोपवले. एकही दगावला नाही. चालण्यात मात्र मी पहिल्यापासून ढ. माझी घोरपड सपाट रस्त्यावरही ठेचकाळते, यावर केंद्रात सगळे मनसोक्त हसतात.

मग कलमापक आला: माणसाचा कल उलट की सुलट हे मोजणारं यंत्र.

त्यातलं विज्ञान सोपं आहे. हात हलायच्या आधी मेंदू एक अंदाज बांधून ठेवतो: स्टिक मागे ओढली की चित्र अमुक दिशेला सरकेल. चित्र तसंच सरकलं तर मेंदू शांत राहतो. भलतीकडे सरकलं तर डोक्याच्या मध्यावर एक बारीकशी लाट उठते. आपल्याला तिचा पत्ता लागत नाही, पण डोक्यावर घातलेल्या टोपीतल्या तारांना लागतो. टोपी घालून चारशे वेळा स्टिक हलवायची. चित्र कधी सुलट सरकतं, कधी उलट. मेंदूला कुठं जास्त ठेच लागली ते टोपी मोजते आणि शेवटी एक आकडा देते, अधिक शंभर ते उणे शंभर. अधिक म्हणजे तुम्ही मनानं यंत्राच्या डोळ्यांत बसलेले असता. तुम्हाला वर म्हणजे वर. उणे म्हणजे तुम्ही यंत्राच्या मागे असता, त्याची मान हातात धरून. मान मागे ओढाल तेव्हा ते वर बघेल.

गंमत पुढेच आहे. अनेक माणसांची सवय एक निघाली आणि कल दुसरा. क्रेन चालवणाऱ्यांनी, दुरून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी टोपीचं ऐकून सेटिंग बदललं, दोन-तीन आठवडे चाचपडले आणि मग आधीपेक्षा सफाईनं काम करू लागले. झालं! बघता बघता कल वाहन परवान्यावर छापून यायला लागला. लग्नाच्या बायोडेटात रास, रक्तगट आणि कल अशी ओळ आली. आमच्या एका मावसबहिणीचं जमलेलं लग्न अधिक बारा आणि उणे नव्वद एका घरात कसे नांदतील, या चिंतेनं मोडलं. आणि मग नियम निघाला की लोकांमध्ये चालणारं कुठलंही दूरयंत्र चालकाच्या कार्डावरच्या कलानुसारच चालेल. कार्ड खाचेत घातलं की सेटिंग आपोआप बसतं. ते हातानं बदलता येत नाही.

आमच्या केंद्राच्या प्रमुख डॉ. अरुंधती इनामदार. जनावरांच्या डॉक्टर, पन्नाशीच्या, शिस्तीच्या. त्यांनी स्वतः माझ्या डोक्यावर टोपी चढवली.

"अधिक अडतीस," त्या म्हणाल्या.

"शक्यच नाही. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. अधिक अडतीस.

"तू सुलट आहेस, उत्तरा. पंचवीस वर्षं चुकीच्या सेटिंगवर खेळते आहेस."

"एकसष्ट बिबटे, मॅडम."

"सुलट असतीस तर ते आणखी लवकर झोपले असते."

मला इतका राग आला की मी तडक बाहेर जाऊन बोअरच्या नळाखाली डोकं धरलं. पण राग यायचा खरा प्रसंग तीन आठवड्यांनी आला, कारण तोवर टोपीचंच खरं ठरलं होतं. सरावाच्या मैदानात सुलट सेटिंगवर माझा नेम आधीपेक्षा भराभर लागत होता, आणि चालणंही थोडं सुधारलं होतं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी पेढेसुद्धा वाटले. आतून मात्र मला रडू येत होतं. दादाची आणि माझी मिळून एकच गोष्ट माझ्याजवळ उरली होती, ती माझी बघायची रीत. आता मशीन सांगत होतं की ती मुळात माझी नव्हतीच.

*

फेब्रुवारीतली सकाळ. नऊ वाजता फोन आला: डोंगरवाडीच्या गाडेकरांच्या विहिरीत बिबट्या पडलाय, आणि आत मोटर दुरुस्त करायला उतरलेला माणूस अडकलाय. इनामदार मॅडम, मी आणि दोराचं काम करणारे चौघे, असे आम्ही वीस मिनिटांत पोचलो.

विहिरीपाशी दीडेकशे माणसं जमली होती. काठाजवळ एक स्कूटर उभी होती. तिच्या डिकीवर मी लहानपणी ऑइलपेंटनं काढलेली अक्षरं होती: डुंबरे मोटर रिवाइंडिंग. ड हा जरासा वाकडा आलेला.

मी मॅडमना म्हणाले, "आत माझा भाऊ आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "दुसरा चालक तालुक्याला आहे. यायला दीड तास लागेल. तुला जमेल का?"

"जमेल," मी म्हणाले. जमेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

विहीर जुन्या दगडी बांधणीची, साठ फूट खोल. अर्ध्यावर मोटरचा दगडी ओटा, आणि काठापासून ओट्यापर्यंत भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांच्या पायऱ्या. ओट्याच्या एका टोकाला मोटरला पाठ टेकून दादा बसला होता. दुसऱ्या टोकाला, बरोबर पायऱ्यांच्या तोंडाशी, बिबट्या होता. पाण्यातून कसाबसा वर चढलेला, चिंब भिजलेला, थरथरणारा. दोघांमध्ये बारा फूट अंतर. खाली पाच-सहा फुटांवर खोल पाणी.

मी फोन लावला. दादानं कानात बारकं यंत्र अडकवलेलं होतं.

"दादा?"

"हं."

"लागलंय का कुठं?"

"नाय. उत्तरे, वरच्या लोकांना आधी गप कर. ते ओरडले की हा माझ्याकडं बघतोय."

चार वर्षांनी आम्ही बोललो ते हे. मॅडमनी लोकांना दोनशे पावलं मागे हटवलं. गाडेकरांच्या घरातून दोरीनं विणलेली बाज आणली. आमच्याकडे विहिरीतला बिबट्या असाच काढतात: बाजेच्या चारी खुरांना दोर बांधायचे आणि ती खाली सोडायची. बिबट्या झोपून कलंडला तर पाण्यात बुडायला नको, म्हणून बाज ओट्याच्या खाली, त्याच्या कडेलगत धरायची होती. इंजेक्शन मात्र मागच्या मांडीतच बसायला हवं. वरून फक्त डोकं आणि पाठीचा कणा दिसत होता, तिथे मारलं तर जनावर जायचं. घोरपडीला भिंतीवरून खाली डोकं करून उतरायचं होतं, आणि पायऱ्यांच्या बाजूनं वळसा घालून बिबट्याच्या मागे यायचं होतं. नळीत इंजेक्शनं दोन होती.

मी कार्ड घातलं. पडद्यावर अधिक अडतीस उमटलं. घोरपड काठावरून आत वळली.

चौथ्या पावलाला पुढचा पंजा सुटला. एक दगड निखळला आणि खाली पाण्यात धबकन पडला. बिबट्या गुरगुरला. त्यानं दादाच्या दिशेनं एक पाऊल टाकलं आणि थांबला. त्या बाजूची भिंत उंबराच्या मुळ्यांनी फुगली होती, निम्मे दगड सैल होते, आणि माझ्या कॅमेऱ्याला फूटभर पुढचंच दिसत होतं.

"ते मशीन कोण चालवतंय?" कानात दादाचा दबका आवाज आला.

"मी."

"वाटलंच."

अशा वेळीसुद्धा मला हसू आलं.

"उत्तरे, मला इथनं अख्खी भिंत दिसतीय," तो म्हणाला. "कंचा दगड घट्ट, कंचा सैल, सगळं. पाय मला दे."

घोरपडीत जोडचालक नावाची एक सोय आहे. नव्या माणसाला शिकवताना पाय एकाच्या हातात आणि मान दुसऱ्याच्या हातात द्यायची. पाय फोनवरूनही चालवता येतात. मी मॅडमकडे बघितलं.

"तो शिकलेला चालक नाही," त्या म्हणाल्या.

"मॅडम, दहा वर्षं माझे पाय त्यानंच चालवलेत."

त्यांनी दादाच्या फोनवर परवानगीचा क्रमांक पाठवला.

मी डावी स्टिक सोडली. घोरपडीनं एक पंजा उचलला, हवेत जरा थांबवला, बाजूच्या मोठ्या दगडावर ठेवला. मग दुसरा. मुळीला वळसा घालून ती अलगद खाली जायला लागली. माझ्या सात वर्षांत ती तशी कधी चालली नव्हती. दोराचं काम करणारे चौघे आ वासून पडद्याकडे बघत राहिले.

"थांब," मी म्हणाले. ती थांबली. बिबट्याची मागची मांडी दिसत होती, पण पडद्याच्या वरच्या कडेला. नजर थोडी वर न्यायची होती. मी स्टिक मागे ओढली आणि त्याच दमात इंजेक्शन सोडलं.

नजर खाली गेली. इंजेक्शन ओट्याच्या दगडावर आपटून पाण्यात पडलं.

बिबट्या ताडकन उठला आणि पुढे सरकला. आता दादा आणि तो यांच्यात सात-आठ फूट. मला दादाचा श्वास ऐकू येत होता.

"काय केलंस?" मॅडम म्हणाल्या.

"माझा हात उलटा चालला."

"तीन आठवडे तर सुलट चालत होता!"

"तेव्हा मी चालत होते. आता दादा चालतोय." मला याहून जास्त सांगता येईना, पण हात मात्र ठामपणे सांगत होता. "मॅडम, मला उलट सेटिंग पाहिजे. मी आता सुलट मारलं तर परत चुकेल."

"ते हातानं बदलता येत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

मग त्यांनी गळ्यातलं स्वतःचं कार्ड काढलं, माझं कार्ड उपटलं आणि आपलं खाचेत सारलं. पडद्यावर उणे एकोणसाठ उमटलं.

"माझा कल मी कुणाला सांगत नाही," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मार आता."

"दादा, एक पाऊल डावीकडं. अर्धंच."

घोरपड अर्धं पाऊल सरकली. मी स्टिक मागे ओढली. मान मागे गेली आणि नजर वर गेली, जसं व्हायला पाहिजे तसं, जसं मला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं तसं. मांडी मधोमध आली आणि मी बोट दाबलं.

बिबट्यानं कळवळून स्वतःच्या मांडीकडे बघितलं. इंजेक्शन बसलं होतं.

पण औषध चढायला सहा-सात मिनिटं लागतात, आणि चिडलेल्या जनावराला सहा मिनिटांत बरंच काही करता येतं. तो वळला. समोर दादा होता. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत घोरपडीनं भिंत सोडली, ओट्यावर उडी घेतली आणि दोघांच्या मधे चारी पाय रोवून उभी राहिली. दादानं मला विचारलं नव्हतं. मीही काही न विचारता मान वळवली आणि तिचे डोळे थेट बिबट्याच्या डोळ्यांवर ठेवले. त्यानं पंजा मारला. पडदा हादरला, कॅमेऱ्याची काच कोपऱ्यात तडकली. दादानं तिला पुन्हा उभं केलं. त्यानं परत मारला, दादानं परत उभं केलं. मी नजर हलवली नाही.

पाचव्या मिनिटाला बिबट्याचा मागचा पाय लुळा पडला. सहाव्याला त्यानं हनुवटी दगडावर टेकली, अंग सैल झालं आणि तो हळूहळू कडेवरून घसरला. खाली चौघांनी तोवर दोरांनी सोडलेली बाज होती. दोर ताणले, बाज करकरली आणि तिनं त्याला धरलं.

वर लोकांनी जो काय ओरडा केला, तो मॅडमनाही थांबवता आला नाही.

दादा पायऱ्या चढून वर आला तेव्हा मी काठावर उभी होते. त्याचे केस कानशिलावर पांढरे झाले होते. मला ते माहीतच नव्हतं.

"चालायला अजून शिकली नाहीस," तो म्हणाला.

मी त्याच्या गळ्यात पडून सगळ्या डोंगरवाडीसमोर ढसाढसा रडले.

*

मॅडमनी काही लपवलं नाही. नियम आपण मोडला, कुणाचं कार्ड काढून कुणाचं घातलं, हे त्यांनी वरिष्ठांना स्वतः लिहून कळवलं. आणि चौकशीचा कागद येईपर्यंतच्या दिवसांत त्यांनी आम्हा दोघांना केंद्रात बोलावून माझ्या डोक्यावर परत टोपी चढवली.

मी एकटी: अधिक अडतीस.

पाय दादाच्या हातात दिले. चारशे वेळा. मॅडमनी आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"उणे एक्क्याऐंशी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी माझे पाय केंद्रातल्या प्रत्येकाच्या हातात देऊन बघितले. कुणाबरोबर उणे वीस, कुणाबरोबर उणे चाळीस. पाय यंत्राच्या आपोआप चालीवर सोडले की पुन्हा अधिक. मग इतरांना मोजलं, आणि निम्म्याहून अधिक माणसांचे आकडे असेच जोडीदाराबरोबर बदलले.

"म्हणजे टोपी खोटं बोलत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "आपण तिला अर्धाच प्रश्न विचारला होता. सगळ्या जगानं माणसं एकेकटी मोजली. एकटी असतेस तेव्हा तू त्या यंत्राच्या डोळ्यांत बसतेस. दुसरं कुणी चालत असेल तर डोकं त्याचं असतं आणि तू मागे बसून त्याची मान धरतेस. हे कुठून आलं असेल गं तुझ्यात?"

दादाच म्हणाला, "जत्रेतनं."

मला एकदम आठवलं. मी चार वर्षांची, दादाच्या खांद्यावर. वरून मला पाळणा दिसायचा, फुगे दिसायचे, तमाशाच्या तंबूचं टोक दिसायचं. ते त्यालाही दिसावं म्हणून मी त्याचे केस मुठीत धरून मागे ओढायची. त्याची मान मागे जायची आणि तो वर बघायचा. माझी चप्पल पडली की मी त्याचं डोकं पुढे ढकलायची. आई म्हणायची, डोक्यावर बसवून ठेवलंय नुसतं पोरीला.

"केस लई ओढायची," दादा मॅडमना म्हणाला. "अजून दुखतंय."

चौकशीत मॅडमनी हे सगळे आकडे मांडले आणि ते वरिष्ठांना पटले. आठ महिन्यांनी नियम बदलला. आता दूरबचावाच्या प्रत्येक यंत्राला दोन जागा असतात, आणि कार्डावर एका आकड्याऐवजी एक तक्ता: एकटा असताना इतका, अमक्याबरोबर इतका. माझ्या मावसबहिणीकडे लग्न मोडणारे ते लोक परत बोलणी करायला आले. तिनं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दादा सकाळी आमच्याकडे असतो आणि दुपारनंतर दुकानात. आमच्या जोडीनं वर्षभरात चौतीस बिबटे बाहेर काढले, आणि घोरपड एकदाही ठेचकाळली नाही.

भाऊबीजेला मी दुकानात गेले. ओवाळून झाल्यावर दादानं माळ्यावरून एक खोकं काढलं. तोच डबा, तोच कंट्रोलर. डाव्या स्टिकचं रबर त्याच्या अंगठ्यानं झिजून गेलेलं, उजवीचं माझ्या. त्यानं सगळं जोडलं आणि आम्ही खांद्याला खांदा लावून बसलो. मी सवयीनं उजवी बाजू धरायला गेले.

"ती नव्हं," दादा म्हणाला. "आता मला बघू दे."

मी हसले नाही. मी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि डावी स्टिक धरली. "सुलट ठेवू का उलट?"

"उलट. आता मी बसलोय ना वर."

शिपाई मैदानात उभा राहिला. समोर भिंतीआड शत्रू होते, मला ते तोंडपाठ होते. मी तयारीत राहिले. दादानं मात्र भिंतीकडे बघितलंच नाही. त्यानं स्टिक हळूच पुढे ढकलली. शिपायाची मान खाली गेली आणि पडदाभर त्याचे बूट दिसले, तपकिरी, चिखलानं माखलेले, एका बुटाची नाडी सुटलेली. दहा वर्षं दादा त्या पायांनी पळाला होता आणि मी त्याला ते नीट बघू दिले नव्हते.

"चल ना जरा," तो म्हणाला.

मी चालले. बूट पडले, उठले, पडले. दादा बराच वेळ बघत राहिला.

"चांगले आहेत की गं," तो म्हणाला.

मग त्यानं स्टिक मागे ओढली, शिपायानं मान मागे टाकली आणि वर आभाळच आभाळ दिसलं. तेवढ्यात भिंतीआडून कुणीतरी आम्हाला गोळी घातली आणि आम्ही मेलो. दादा खदाखदा हसला आणि त्यानं खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.